रशियाच्या जहाजातलं वऱ्हाड

थंडीच्या दिवसांत आमच्या घराला जाग यायची ती वासानं. पहाटेच होड्या किनाऱ्याला लागलेल्या असत. ओल्या बोंबलांच्या पाट्या अंगणात ओतल्या की तो खारट, गार वास पडवीतून थेट माजघरात शिरायचा, आणि त्याच्या मागोमाग आयेचा आवाज, "उठा गं बायांनो, बोंबील काय आपल्या पायानं वलांडीवर चढनार हायत?" वलांडी म्हणजे उभ्या बांबूंना आडव्या काठ्या बांधून केलेली उंच मांडण. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी काठीवर टाकायची, हे काम मला चालता येऊ लागल्यापासून येत असावं. आमच्या आगरवेळच्या कोळीवाड्यापुढचा वाळूचा सगळा पट्टा अशा वलांड्यांनी भरलेला असे. उन्हात ते बोंबील चकाकायला लागले की वाटे, समुद्राच्या दारालाच कुणी तोरणं बांधलीत. त्या वासाला नाक मुरडणारी माणसं मला पुढं अलिबागला भेटली. मला मात्र अजूनही कुठं सुकट भाजल्याचा वास आला की भूक लागते, मग जेवण नुकतंच झालेलं का असेना.

बा तांडेल होता, म्हणजे होडीवरचा मुख्य. त्याची होडी मोठी, पण बोलणं अगदी थोडं. घरातलं सगळं बोलणं आयेच्या वाट्याला आलं होतं आणि तिनं ते कधी वाया घालवलं नाही. पाट्यावर मसाला वाटताना ती वरवंट्याशी बोले, मांजराशी बोले, समुद्राशी तर भांडेच. मी त्यांची थोरली, चंद्रभागा, घरात चंद्री. बोर्ली पंचतनच्या शाळेत जाऊन सातवीची फायनल पास झालेली कोळीवाड्यातली मी पहिली मुलगी. निकाल लागला त्या दिवशी जाळ्यात सापडलेला सगळ्यात मोठा पापलेट बानं विकायला न देता घरी आणला आणि माझ्या ताटात त्याचा मधला तुकडा पडला. मला अलिबागला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. आये म्हणे, "आधी लगीन कर, मग नवऱ्याला इचार." त्या काळात यापेक्षा जास्त सवलत कोळ्याच्या पोरीला कुणी देत नसे, आणि आयेनं ती दिली, हेही मला आज थोडं वाटत नाही.

खाडीच्या पलीकडं, समुद्रकाठानं वरच्या अंगाला खारशेत म्हणून कोळ्यांचं गाव. तिथला नामदेव मला बघायला आला. बघण्याच्या कार्यक्रमात त्याचा राघोमामाच बोलत होता, कारण नामदेवाचा बाप लवकर गेलेला आणि मामानंच त्याला वाढवलेलं. मामा उंच, ताठ, मिशा पिळलेल्या. त्यानं मला विचारलं, "पोरी, मावरं इकता येतं का?" मी म्हटलं, "येतं. आणि मला मास्तरीण व्हायचं हाय." मावरं म्हणजे मासळी, आणि ती विकणं हे कोळणीचं काम. मामा म्हणाला, "मग मावरं कोन इकनार, सरकार?" तेव्हा खाली मान घालून बसलेला नामदेव पहिल्यांदा बोलला, "शिकू दे की. माजी आये इकतेच हाय." बस, एवढंच. त्या एका वाक्यावर मी मनात होकार देऊन टाकला. मामाच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही. भाच्याच्या हट्टापायी त्यानं सुपारी फोडली खरी, पण त्यानंतर एकदा पौष आडवा आला म्हणून आणि एकदा गावात मयत झालं म्हणून त्यानं तारीख पुढं ढकलली. तिसऱ्यांदा माघातली तारीख ठरली तेव्हा आये म्हणाली, "आता काय खोडा निघाला तर हा माणूस सोयरीक मोडनार बघ. त्याला नुसतं निमित्त पायजे."

आणि त्याच माघात आमच्या किनाऱ्यावर लष्कर उतरलं.

आधी जीपगाडी आली, मग ट्रक. सुरूच्या बनात तंबू उभे राहिले, तांबडी निशाणं लागली. कॅम्पाचे मोठे साहेब स्वतः कोळीवाड्यात आले आणि चावडीपुढं उभं राहून त्यांनी समजावलं, की जहाजातून सैन्य किनाऱ्यावर कसं उतरवायचं याचा सराव करायचा आहे, त्यासाठी वाळूचा उत्तरेकडचा अर्धा पट्टा काही दिवस मोकळा लागेल. वलांड्या हलवायच्या म्हणताच बायकांनी गलका केला. पण दुसऱ्या दिवशी जवानच आले आणि त्यांनी एकेक वलांडी बोंबलांसकट उचलून दक्षिणेला नेऊन लावली. घाटावरची पोरं ती, सातारा-सांगलीकडची, नाकाला रुमाल बांधून बोंबलांची पालखी नेत होती. आये हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून कोळीवाड्याचं आणि कॅम्पाचं जमलं ते जमलंच.

सराव म्हणजे आम्हाला रोजचा खेळच होता. सुरुवातीला जहाज नव्हतंच. वाळूत लाकडी फळ्यांचा एक उंच उतार केला होता, त्यावरून जवान बंदुका डोक्यावर धरून धावत खाली यायचे आणि वाळूत पालथे पडायचे. मग एके सकाळी ते जहाज आलं. रशियातून नवंच आणलेलं, राखाडी, बोथट तोंडाचं. आमच्या होड्या पाणी कापत येतात, हे पाणी ढकलत आलं. सरळ किनाऱ्यावर चाल करून आलं, तेव्हा म्हातारे कोळी ओरडले, "अरं थांबवा, लागंल, लागंल!" कारण जहाज वाळूला लागणं म्हणजे आमच्या लेखी सत्यानाश. ते लागलंच, मुद्दाम लागलं, आणि मग त्याचं नाक दोन दारांसारखं उघडलं आणि आतून लोखंडी पूल बाहेर आला. बा कितीतरी वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "माशाचं तोंड हाय." त्याच्याकडून ही मोठी शाबासकी होती.

त्या जहाजाबरोबर शिकवायला एक रशियन माणूस आला होता. रुंद खांद्यांचा, उन्हानं भाजून खेकड्यासारखा लाल झालेला. त्यांच्या देशात समुद्रातून उतरून लढणारी वेगळी फौज असते, त्यातला तो जुना माणूस. त्याचं नाव वसीली, आमच्या वाड्यानं त्याचा वासू केला. त्याच्याशी बोलायला मालवणकडचा सावंत नावाचा खलाशी होता. हे जहाज आणायला गेलेल्यांत तो होता आणि तिकडच्या बर्फात राहून रशियन बोलायला शिकला होता. घाटावरची पोरं पाण्याला भयंकर भ्यायची. पुलाच्या टोकाशी येऊन थबकायची. थबकला की मागचा अंगावर, त्याच्यावर त्याच्या मागचा. वासू मग कपड्यांसकट कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहायचा आणि "बिगोम! बिगोम!" ओरडत एकेकाला पट्ट्याला धरून पुढं ओढायचा. बिगोम म्हणजे पळत चला, असं सावंतानं सांगितलं. आठवड्याभरात कोळीवाड्यात कुणी कुणाला "चल लवकर" म्हणेनासं झालं. म्हशीलाही बिगोम, पोरांनाही बिगोम. आणि हळूहळू ती घाटावरची पोरंही थबकायची थांबली. एक अगदी कोवळा जवान पहिल्यांदा न अडखळता उतरला, तेव्हा वासूनं त्याला पाण्यातच उचलून घेतलं होतं. ते बघून आये म्हणाली, "ह्याला घरी पोरं असनार."

होतीच. दोन मुली. हे आम्हाला कळलं तो एकदा आमच्या पडवीत जेवायला बसला तेव्हा. आयेनं सावंताला बोलावलं होतं, त्याच्याबरोबर हा आला. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि जवळ्याची चटणी. तिखटानं त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तो थांबेना. मग त्याची नजर टांगलेल्या सुक्या बोंबलांवर गेली. त्यानं एक मागून घेतला, जोत्याच्या कडेवर दोनदा आपटला, साल सोलली आणि तसाच कच्चा चघळू लागला. त्याच्या गावी नदीतला मासा असाच खारवून सुकवतात आणि असाच आपटून खातात म्हणे. आयेला हा माणूस त्या क्षणी सोयराच वाटला असावा. तिनं मला हाताला धरून पुढं केलं आणि म्हणाली, "ही माजी पोर. हिचं लगीन हाय. तुमी पन यायचं." सावंतानं ते त्याच्या भाषेत सांगितलं तसा तो मोठ्यानं म्हणाला, "स्वाद्बा! स्वाद्बा!" आये खूश. "बघ, स्वाद बा म्हनतोय, कालवनाचा स्वाद आवडला त्याला." सावंत पोट धरून हसला. "मावशे, स्वाद्बा म्हणजे लग्न त्यांच्यात. तो लग्नाला येतो म्हणतोय." आये म्हणाली, "मग दोन्ही खरं." आणि तिनं त्याच्या हातावर अक्षता ठेवल्या. त्यानं त्या खिशात जपून ठेवल्या, खायच्या नसतात एवढं त्याला कुणी न सांगताच कळलं.

सगळ्यात मोठा सराव हळदीच्या दिवशी ठरला होता. रणगाडे, धुराची नळकांडी, खोट्या काडतुसांचा मारा, सगळं. तो दिवसभर समुद्र बंद, मग दुसऱ्या दिवशी लग्नाला मोकळा. बानं साहेबांना विचारूनच हे नक्की केलं होतं. पण हळदीच्या सकाळी असं धुकं उतरलं की अंगणातला मांडव पडवीतून दिसेना. सुरूच्या बनातून भोंगा वाजला, आणि दुपारी सावंत उतरल्या तोंडानं आला. "मावशे, आजचा सराव उद्यावर गेला."

आयेच्या हातातली हळदीची वाटी तशीच राहिली. बा उठला, खांद्यावर उपरणं टाकलं आणि कॅम्पात गेला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, पण तारीख काही त्यांच्या हातची नव्हती. मुंबईहून बडे अधिकारी बघायला येणार होते. मुहूर्त तर गोरज, संध्याकाळचा, तोपर्यंत सगळं आटोपेल, असं ते म्हणाले. बा परत आला आणि नेहमीच्या थोडक्या शब्दांत त्यानं सगळा पेच सांगितला. त्यांचं जहाज भरतीलाच वाळूवर चढतं आणि आपली होडी भरतीलाच खाडीत शिरते. भरती दुपारची. सराव संपेस्तोवर ओहोटी लागणार, खाडीचं तोंड कोरडं पडणार. आणि उघड्या किनाऱ्यावर बायकापोरांनी भरलेली होडी लाटांत घालायची तर ती आडवी होऊन फुटायची. "उद्या रातच्या भरतीबिगर वऱ्हाड येत न्हाय," बा म्हणाला. म्हणजे मुहूर्त गेला. आणि मुहूर्त गेला की राघोमामाला हवं ते निमित्त मिळालं.

माझ्या चुलत भावाला दोनच माणसं मावणाऱ्या तरीवरून खाडी ओलांडून, पुढं चढ्या डोंगरवाटेनं खारशेतला धाडलं, की पहाटेच निघा, सराव सुरू व्हायच्या आधी खाडीच्या तोंडाशी येऊन थांबा. त्यानं पोचून निरोप दिला, पण मामा म्हणाला, "आमी आमच्या येळेला निघू. समुद्र काय कुनाच्या बापाचा हाय?" भाऊ रात्री तिकडंच राहिला, म्हणून हे आम्हाला त्या दिवशी कळलं नाही. मी हळद लागलेल्या अंगानं माजघरात बसले होते आणि शेजारी धवलारीण आपली लग्नाची गाणी म्हणत होती. गाण्यातली नवरी सासरी निघाली होती. मी मनात अलिबागला जाऊन परत येत होते. हे लग्न मोडलं असतं, तर पुन्हा कोण नवरा म्हणाला असता, "शिकू दे की"?

लग्नाच्या दिवशी पहिला धडाका झाला तेव्हा मांडवातलं मूल रडायला लागलं. मग धडाक्यांची रांगच लागली. मला बाहेर जायची बंदी, म्हणून मी मागच्या दाराच्या फटीतून बघत होते. पांढऱ्या धुराची भिंत उठली, धुरातून ते बोथट जहाज आलं, तोंड उघडलं आणि दोन रणगाडे घरंगळत खाली आले. त्यांच्या मागून घाटावरची पोरं. एकही थबकला नाही. बडे अधिकारी टाळ्या वाजवत होते. आणि त्या सगळ्याच्या पलीकडं, दूर, निळ्या पाण्यावर, झेंडूच्या माळा लावलेली एक होडी उभी होती. तिच्याभोवती नौदलाची लाँच फिरत होती. पुढं येऊ देत नव्हती.

होडीवर काय झालं ते मी नंतर ह्यांच्याकडून, म्हणजे नामदेवाकडून, इतक्यांदा ऐकलंय की मी स्वतःच तिथं होते असं वाटतं. लाँचवाल्यांनी अडवलं तसा मामा होडीत उभा राहिला. म्हणाला, "हे तिसरं इघ्न. पोर शाळेत जानारी, लगनाला तोफा आडव्या. देवाच्या मनात न्हाय. होडी फिरवा." सुकाणूवर नवरदेव स्वतःच बसला होता, कारण खाडीच्या तोंडाशी त्याच्याइतका भरवशाचा हात त्यांच्यात दुसरा नव्हता. तो म्हणाला, "न्हाय फिरवनार." मामानं पुन्हा सांगितलं. नामदेव म्हणाला, "मामा, तू मला बापाच्या जागी. पन ही होडी आज माघारी जानार न्हाय. रात झाली तरी हितंच थांबू." कपाळाला मुंडावळ्या, हातात सुकाणू. होडीतल्या बायका माना खाली घालून बसल्या. मामाच्या शब्दाला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. तो रागानं होडीच्या टोकाला जाऊन पाठ फिरवून बसला.

पहिली उतराई करून जहाज मागं हटलं होतं आणि दुसऱ्या फेरीसाठी पाण्यात वळत होतं. दुसरी फेरी रिकाम्या जहाजाची होती, नुसती किनाऱ्याला नीट लावून दाखवायची. वासू वर उभा राहून दुर्बिणीतून बघत होता. झेंडूच्या माळा दिसल्या, मुंडावळ्या दिसल्या, आणि तो ओरडला, "स्वाद्बा!" सावंत धावत गेला. मग त्या दोघांचं आणि जहाजावर असलेल्या मोठ्या साहेबांचं बोलणं झालं, ते सावंतानं आम्हाला पुढं करून दाखवलं होतं. वासू म्हणाला, "रिकामं जहाज वाळूवर लावायला काय अक्कल लागते? आत बायका, मुलं, म्हातारे ठेवा आणि धक्का न देता लावून दाखवा. ते खरं शिकणं. आणि जहाजानं फक्त लढायलाच माणसं उतरवायची, असं कुठं आहे?" साहेब म्हणाले, "बडे लोक बघतायत." वासू म्हणाला, "बघू देत. बघायलाच आलेत." साहेबांनी झेंडूच्या होडीकडं पाहिलं. मग म्हणाले, "जहाजावर बँड वाजता कामा नये." एवढीच अट.

होडी जहाजाला लावली, दोरीची शिडी सोडली. आमच्या बायका काष्टा खोचून, डोक्यावर रुखवताच्या टोपल्या घेऊन अशा चढल्या की खलाशी बघत राहिले. बँडवाले आपला ढोल वर ओढून घ्यायला धडपडत होते. मामा होडीतच बसून. "मी येनार न्हाय," म्हणाला. तेव्हा वासू स्वतः शिडी उतरून खाली आला. त्याला वाटलं हाच नवऱ्याचा बाप, वऱ्हाडाचा मुख्य. त्यानं टाचा जुळवून मामाला कडक सलाम ठोकला आणि आपल्या गळ्यातली दुर्बीण काढून मामाच्या गळ्यात घातली. मामाच्या मिशा हलल्या. उभ्या आयुष्यात त्याला असा सलाम कुणी केला नव्हता. तो उठला, धोतर सावरलं आणि शिडी चढला. वासूनं त्याला थेट वर, जहाज हाकतात तिथं नेऊन उभं केलं.

मला हे काही माहीत नव्हतं. मला फक्त दिसलं, की झेंडूची होडी जहाजाच्या आडोशाला गेली आणि रिकामी होऊन बाजूला झाली. जहाज पुन्हा किनाऱ्याकडं निघालं. मी दार उघडलं आणि हळदीच्या अंगानं वाळूच्या उंचवट्यावर धावले. आये मागून ओरडत आली, पण माझ्याजवळ पोचल्यावर तीही बघतच राहिली. किनाऱ्यावर वाळूत खोदलेल्या चरांत शत्रूची सोंगं घेतलेले जवान बंदुका रोखून पडले होते. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. जहाज अगदी हलकेच, मांजर ओट्यावर पाय ठेवतं तसं, वाळूला लागलं. दारं उघडली. लोखंडी पूल खाली आला. आणि पुलावर क्लॅरिनेट वाजलं.

आधी बँड उतरला, कारण पुलावर पाय पडला म्हणजे जहाज सुटलं, अट सुटली, असा त्यांनी हिशेब केला होता. मग लाल, हिरवी, जांभळी लुगडी. टोपल्या, पोरं, रुखवत, पितळी समया. मग छत्रीखाली नवरदेव. चरात पडलेल्या हवालदारानं आपल्या माणसांकडं पाहिलं, वऱ्हाडाकडं पाहिलं आणि उभा राहून मोठ्यानं हुकूम दिला, "सावधान!" वाळूतून उठून शत्रूची अख्खी पलटण ताठ उभी राहिली. बडे अधिकारी खुर्च्यांवरून उठले होते. त्यातला एक जण डोळे पुसत होता, हसून की आणखी कशानं, सांगता येणार नाही. वासू पाण्यात उभा होता, नेहमीच्या जागी, आणि पुलाच्या टोकाशी अडखळणाऱ्या एका म्हातारीला दोन्ही हातांनी अलगद उचलून कोरड्या वाळूवर ठेवत होता. तिला मात्र तो बिगोम म्हणाला नाही.

वऱ्हाडाला गावाच्या शिवेवर सामोरं जायचं असतं. आमची शीव त्या दिवशी समुद्रात होती. बा नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात गेला. आये आरतीचं ताट घेऊन धावली. तिनं नवऱ्याचे पाय धुवायला तांब्या पुढं केला, तशी कुणी म्हणालं, "अगं, समुद्रानं धुतले की!" आये म्हणाली, "त्याचं त्यानं धुतलं, माजं मी धुनार." आणि मग सगळ्यांच्या शेवटी, दुर्बीण गळ्यात घातलेला राघोमामा पुलावरून उतरला. सावकाश, इकडं तिकडं बघत. बासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "व्याही, तुमच्या किनाऱ्याला सांभाळून लागावं लागतं. मी म्हनलं जरा डावीकडं घ्या, तवा घेतलं." जहाजवाल्यांनी त्याचं काही ऐकलं नव्हतं, हे सावंतानं नंतर शपथेवर सांगितलं. पण बा गंभीरपणे म्हणाला, "बरं झालं तुमी होता." माझ्या बानं आयुष्यात केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी हे वाक्य सांगेन.

गोरजावर लग्न लागलं. अक्षता टाकायला घाटावरची पोरं होती, हवालदार होता, साहेब होते. एवढ्या माणसांना जेवण पुरायचं कसं, म्हणून आये पातेल्यांची झाकणं उघडून बघत होती, तोच कॅम्पाच्या आचाऱ्यांनी वरणभाताची मोठाली पातेली खांद्यावर घेऊन मांडवात आणून ठेवली. तांदळाचे वडे, कोंबडीचं कालवण, वालाचं बिरडं आणि लष्कराचं वरण, असं जेवण माझ्या माहितीत कुणाच्या लग्नात झालेलं नाही. वासूनं खिशातून आयेनं दिलेल्या त्याच अक्षता काढून आमच्यावर टाकल्या. मग बायकांनी त्याला नाचायला ओढलं. तो गुडघ्यांवर बसून पाय पुढं फेकत असा नाचला की बँडवाल्यांचा ताल चुकला. नाचून दमला तेव्हा मांडवाच्या खांबाला टेकून एकटाच उभा राहिला आणि माझ्याकडं बघत सावंताला काही म्हणाला. सावंतानं मला सांगितलं, "त्याची थोरली तुझ्याएवढी आहे. तिच्या लग्नाला सुट्टी मिळेल का, विचारतोय." मी वाकून त्याला नमस्कार केला. तो गोंधळला, मग त्यानं आपला जाड, खारा हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो पुढं कुठं गेला, मुलीच्या लग्नाला पोचला की नाही, हे कधी कळलं नाही. पोचला असावा असं मी धरून चालते. या वयात काही गोष्टी आपण आपल्या सोयीनं धरून चालायला हरकत नसते.

दुसऱ्या दिवशी भरतीला आमची पाठवणी. सुरूच्या बनात तंबू उतरवत होते. रात्रीच्या भरतीला आत आणलेली होडी खाडीतून बाहेर पडली. आये काठावर उभी राहून मोठ्यानं रडत होती, बा तिच्याशेजारी खांबासारखा. माझेही डोळे वाहत होते. धवलारणीच्या गाण्यांत सांगतात तसंच सगळं चाललं होतं. राघोमामा होडीच्या टोकाला उभा राहून बँडवाल्यांना जहाज वाळूवर कसं लावतात ते समजावत होता. वासूनं दुर्बीण परत घेतली होती, पण मामाचा हात अजून छातीशी जाऊन ती चाचपत होता. नामदेव सुकाणूवर, मी त्याच्याजवळ. लग्न लागून एक रात्र गेली, तरी आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. खाडीचं तोंड ओलांडून होडी उघड्या समुद्रात आली तेव्हा तो समोर बघतच हळू म्हणाला, "जूनमदी होड्या वर ओढल्या की काम नसतं. तवा तुला अलिबागला नेतो. यष्टीनं जाऊ."

मी पदराआडून विचारलं, "आनी मामा?"

त्यानं टोकाकडं एक नजर टाकली.

"मामा आता कप्तान झाला. त्याला कुठला येळ?"

मला हसू आलं. दाबायचा प्रयत्न केला तसं जास्तच आलं. शेजारच्या बायका माझं रडणं सावरायला सरसावल्या होत्या, त्यांनी पदर बाजूला करून पाहिलं आणि एकमेकींकडं बघत राहिल्या. माहेर काठावर उभं राहून रडतंय आणि नवरी हसतेय, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.